इसबगोलाचं वाण

लग्नाच्या जेवणात माझ्या शेजारची खुर्ची मिळावी म्हणून लोक धडपडतात. नवख्या माणसाला वाटावं, बाई भलतीच लोकप्रिय दिसते. तसं काही नाही. मी पहिला घास घेते न घेते तोच शेजारचे गृहस्थ आवाज खाली आणतात आणि म्हणतात, "ताई, जरा पर्सनल विचारायचं होतं." पुढचं सगळं मी पानातल्या श्रीखंडाकडे बघत ऐकते. आता श्रीखंड फारसं खातही नाही.

दिल्लीतल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात मी आहारतज्ज्ञ होते. निवृत्त होऊन काही वर्षं झाली. माझी खोली पोटाच्या ओपीडीच्या शेजारी, जिन्याखालच्या जागेत होती. डॉक्टरांना बोलायला वेळ नसला की ते चिठ्ठीवर एक ओळ खरडून पेशंट माझ्याकडे पाठवायचे. "बगल में डायटवाली मॅडम बैठती हैं, वो समझा देंगी." मी समजावायची. सकाळी बसले की दुपारपर्यंत तेच समजावायची, आणि दुसऱ्या दिवशी परत. मला कुणी विचारलं की तुम्ही आयुष्यभर काय केलंत, तर खरं उत्तर एवढंच आहे की मी लोकांना पाणी प्या म्हणून सांगितलं. ते सांगून सांगून मी थकले. ऐकणारे थकले नाहीत, कारण त्यांनी ऐकलंच नव्हतं.

माझ्याकडे येणाऱ्यांत निम्म्याहून जास्त लोक एकाच दुखण्याचे. इंग्रजीत त्याला आयबीएस म्हणतात. मराठीत मी 'चिडकं आतडं' म्हणते. पोटात कळ येते, शौचाला जाऊन आलं की जरा बरं वाटतं, पुन्हा येते. कुणाला जुलाब, कुणाला बद्धकोष्ठ, आणि काही दुर्दैवी जीवांना आलटून पालटून दोन्ही. रक्त तपासा, दुर्बीण घाला, सोनोग्राफी करा, सगळं नॉर्मल. आपल्याला वाटेल, नॉर्मल म्हणजे आनंदाची बातमी. या लोकांना तो शब्द शिवीसारखा लागतो. घरचे म्हणतात, बघ, तुला काही झालेलंच नाही. ऑफिसातला साहेब म्हणतो, टेन्शन मत लो यार. आणि हा माणूस रोज सकाळी तीनदा आत जाऊन येऊनही घराबाहेर पाऊल टाकायला घाबरत असतो.

माझ्याकडे यायचा तो माणूस या पायरीवर. मी आधी चार प्रश्न विचारायची. वजन उतरलंय का, रक्त जातं का, रात्री झोपेतून उठून पळावं लागतं का, आणि हे सगळं पन्नाशी उलटल्यावर नव्यानं सुरू झालंय का. एकाला जरी 'हो' आलं तरी त्याला उचलून परत डॉक्टरांच्या दारात. 'नाही' आलं तर मग आमचं दुकान सुरू. त्या दुकानातला मुख्य माल म्हणजे इसबगोल.

इसबगोल आपल्या प्रत्येक घरात असतो आणि तो कसा घ्यायचा हे कुणालाच माहीत नसतं. एका बारक्या बियांच्या झाडाची ती भुशी. पाण्यात टाकली की पाणी पिऊन फुगते आणि तिचा बुळबुळीत गर होतो. तो गर आतड्यातून सावकाश सरकतो. मळ कोरडा असला तर त्याला ओलावा देतो, पातळ असला तर जादा पाणी स्वतःत धरून ठेवतो. म्हणून एकच वस्तू दोन उलट्या दुखण्यांना चालते. दिल्लीकर म्हणतात, दह्यातून घेतला तर बांधतो आणि गरम दुधातून घेतला तर सोडतो. माझं त्यांच्याशी भांडण नव्हतं. दह्यातून घ्या नाहीतर दुधातून, पण वर पाणी प्या. त्याला फुगायचंच असतं. तुम्ही पाणी दिलं नाहीत तर तो जिथं असेल तिथं, मिळेल त्या ओलाव्यावर फुगतो, आणि ती जागा गळा असू शकते.

दुसरी गोष्ट, हळू. अर्ध्या चमच्यानं सुरुवात करायची आणि आठवड्याआठवड्यानं वाढवायचं. एकदम घेतलात तर पोटात असा वारा धरतो की इसबगोलाला शिव्या घालत माणूस परत येतो. करोल बागेतले एक ठेकेदार असेच आले होते. मी सांगितलेला चमचा त्यांना गरिबांचा वाटला. त्यांनी कपभर घेतला आणि त्यावर भावाच्या मुलाच्या सगाईत छोले भटुरे. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर मूठ आपटून म्हणाले, "मॅडम, आपने तो मेरे को सिलेंडर बना दिया." मी त्यांना खुर्ची दिली. रागावलेल्या माणसाला खुर्ची द्यायची हे मी नोकरीतच शिकले.

आपल्या मराठी घरांची चूक वेगळी. 'फायबर' हा शब्द कानावर पडला की आपल्या बायका गव्हाचा कोंडा चाळणीतून काढायच्या थांबतात, वर बाजारातून आणखी आणून कणकेत घालतात. चिडक्या आतड्याला कोंडा पुष्कळदा मानवत नाही, आणखी कळा येतात. राजेंद्र नगरला राहून यूपीएससीची तयारी करणारा हिंगोलीकडचा एक मुलगा असा आला होता. मेसच्या राजम्यानं बेजार. आईनं गावाहून कोंड्याचे लाडू पाठवले होते आणि आईचे म्हणून तो ते रोज निष्ठेनं खात होता. पोट बिघडे, मग आईची आठवण येई, मग आणखी एक लाडू. मी लाडू बंद केले तेव्हा त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मला त्याच्या आईसमोर उभं राहिल्यासारखं झालं. पुढं तो पास झाला की नाही ते कळलं नाही. बरे झालेले लोक आमच्याकडे परत येत नाहीत, त्यामुळे या धंद्यात आपल्याला फक्त अपयशच दिसत राहतं.

शुभांगी मात्र परत आली. म्हणून तर हे सगळं लिहितेय.

शुभांगी एका केंद्रीय मंत्रालयात सेक्शन ऑफिसर आहे. दिल्लीतच वाढलेली, पटपडगंजच्या सोसायटीत राहते. माझ्याकडे आली तेव्हा तिच्या डोक्यात अख्ख्या दिल्लीचा एक नकाशा होता, आणि त्यात फक्त स्वच्छतागृहं होती. कुठल्या मेट्रो स्टेशनवर आत असतं, कुठल्या स्टेशनवर बाहेर जावं लागतं, कुठल्या पेट्रोल पंपावरचा माणूस किल्ली देतो. नवऱ्याबरोबर गाडीतून निघाली की ती आधी त्याला विचारी, जाम लागणारा रस्ता तर नाही ना. मुलीच्या शाळेच्या गॅदरिंगला ती दाराजवळच्या शेवटच्या खुर्चीवर बसली, आणि मुलीचं नाव पुकारलं तेव्हा बाथरूममध्ये होती. हे सांगताना ती रडली नाही. "अच्छा, तर हे असं आहे, ताई," एवढंच म्हणाली आणि पर्सची चेन उघडझाप करत बसली.

माझ्या खोलीत मी एक स्टीलचा ग्लास ठेवलेला असे. प्रत्येकाला मी करून दाखवायची. ग्लासभर पाणी, त्यात चमचा, ढवळायचं, गर व्हायच्या आत प्यायचं आणि लगेच वरून आणखी एक ग्लास साधं पाणी. औषधाच्या गोळ्या त्याच वेळी नाहीत, मध्ये दोन-तीन तास सोडायचे. आणि ज्यांना घास अडकतो, गिळायला त्रास होतो, त्यांनी या वाटेला जायचंच नाही. हे शेवटचं वाक्य मी प्रत्येकाला सांगायची. लोक ऐकता ऐकता उठून उभे राहिलेले असत.

शुभांगीनं सगळं बसून ऐकलं. ऑफिसात फाइल चालवतात तशी तिनं ती भुशी चालवली, एक पायरी झाल्याशिवाय दुसरी नाही. पहिले काही दिवस पोट फुगलं तेव्हा फोन करून विचारलं, सोडून दिलं नाही. दोन-तीन महिन्यांत तिचा नकाशा हळूहळू पुसट व्हायला लागला. पुरती बरी झाली असं मी म्हणणार नाही, हे दुखणं पुरतं जात नाही. पण एक दिवस ती मेट्रोनं पार गुरुग्रामला नणंदेकडे जाऊन आली आणि तिथून मला फोन केला. काही सांगायचं नव्हतं. नुसती म्हणाली, "ताई, मी पोहोचले." त्या दिवशी मला माझी नोकरी आवडली.

गेल्या वर्षीच्या संक्रांतीची गोष्ट. शुभांगीनं घरी हळदीकुंकू केलं. दिल्लीत आपल्या बायकांना एकत्र यायला निमित्तं थोडी, त्यामुळे रथसप्तमीपर्यंत जिच्या तिच्या घरी हळदीकुंकू असतं आणि वाण काय लुटायचं यावर महिनाभर आधी चर्चा. प्लास्टिकचे डबे झाले, गाळण्या झाल्या, मोबाईल उभा करायचे स्टँडही झाले. शुभांगीनं ठरवलं, आपलं ज्यानं भलं झालं तेच द्यायचं. तिनं जरीच्या छोट्या पोटल्या शिवून घेतल्या, प्रत्येकीत इसबगोलाची भुशी भरली आणि सोबत स्टीलची एक वाटी. बायकांना हसू आवरेना म्हणे. मग शुभांगी हॉलच्या मध्यभागी ग्लास घेऊन उभी राहिली आणि मी दाखवायची तसं सगळ्यांना करून दाखवलं. पाणी, चमचा, ढवळणं, वर आणखी एक ग्लास. गोळ्यांबरोबर नाही. गिळायला त्रास असेल तिनं पोटली मैत्रिणीला देऊन टाकायची. एक शब्द सुटला नाही. हे मला नंतर इतरांकडून कळलं.

नंतर, कारण मी तिथं नव्हते. माझे यजमान जाऊन सहा वर्षं झाली. हळदीकुंकवाचं बोलावणं तेव्हापासून बंद झालं. कुणी मुद्दाम बंद केलं नाही. आधी फोन उशिरा यायला लागला, मग तो 'तुम्ही नंतर कधीतरी निवांत या' असा झाला, मग थांबला. ज्या बायकांच्या पोटाची गुपितं मला माहीत आहेत त्यांच्याच घरची ही गोष्ट. मी मनाला लावून घेत नाही असं सगळ्यांना सांगते. लावून घेते.

दुसऱ्या दिवशी सकाळी शुभांगीचा ड्रायव्हर माझ्या दारात. बाहेर धुकं इतकं की समोरचा ब्लॉक दिसत नव्हता. त्यानं एक पिशवी दिली, "मॅडमने भेजा है," आणि गेला. आत तिळगूळ, स्टीलची वाटी आणि जरीची पोटली. पोटली सोडून पाहिली आणि मी एकटीच मोठ्यानं हसले. जन्मभर मी जगाला वाटलेली भुशी जरीचे कपडे घालून माझ्याकडे परत आली होती. मग हसू ओसरलं आणि मला दुसरंच काही सुचलं. मला हे कसं घ्यायचं ते न सांगता, नुसतं पिशवीतून मिळालंय. मला सांगायची गरजही नाही. पण माझ्यासारख्या आणखी कुणाला मिळालंय?

मी शुभांगीला फोन लावला. ती ऑफिसला निघाली होती. मी विचारलं, घरपोच पोटल्या किती जणींना पाठवल्यास?

"फक्त तुम्हाला आणि टिपणीसकाकूंना. तुम्ही दोघी आला नव्हता ना, म्हणून."

टिपणीसकाकू माझ्या मागच्या गल्लीत राहतात, मयूर विहारलाच. ऐंशीच्या पुढच्या. यजमान टपाल खात्यात मोठे अधिकारी होते, ते जाऊन फार वर्षं झाली. मुलगा बंगळुरूला. घरी रेखा नावाची बाई दिवसभर असते. काकूंची अन्ननलिका जुन्या आम्लपित्तानं एका जागी आवळत गेलेली आहे. डॉक्टरांनी दुर्बिणीतून ती रुंद करून दिली होती, तरी घास नेमका तिथंच अडतो. त्यांचा आहार मीच लावून दिला होता. सगळं मऊ, सगळं पातळ, पाणीसुद्धा घोट घोट. आणि इसबगोल कधीही नाही. त्यांना सांगितलं होतं, रेखाला सांगितलं होतं, बंगळुरूला फोन करून मुलालाही सांगितलं होतं.

काकूंचा मोबाईल गळ्यात दोरीनं अडकवलेला असतो आणि दुसऱ्या रिंगला त्या उचलतात. त्या दिवशी रिंग वाजत राहिली. शेवटी रेखानं उचलला. म्हणाली, दादीजी बोलत नाहीत, छातीला हात लावून बसल्यात आणि सारखं थुंकतायत. त्यांनी सकाळी पूजा झाल्यावर त्या जरीच्या थैलीतलं काहीतरी तोंडात टाकलं. मग तिनं मला धीर दिला.

"आप चिंता मत करो मॅडम. मैं पानी पिला रही हूँ. आप ही तो बोलती हैं."

"पानी मत दो, रेखा. ग्लास नीचे रखो. एक घूँट भी नहीं."

तिला वाटलं असेल, बाई बदलली की काय. इतकी वर्षं जे एकच वाक्य मी या शहरात सांगत आले, ते त्या क्षणी मी उलटं ओरडत होते. आत अडकलेल्या त्या भुशीवर आणखी पाणी गेलं असतं तर ती आणखी फुगली असती, आणि गिळता न आलेलं पाणी श्वासनलिकेत जायची भीती वेगळीच. मी रेखाला त्यांना पुढं झुकवून बसवायला सांगितलं, थुंकी गिळू देऊ नकोस, टॉवेल धर. चपला घातल्या की नाही आठवत नाही. धुक्यात एक ई-रिक्षा उभी होती, तिच्यात बसले, मग लक्षात आलं की गल्ली वळसा घेऊन जाते आणि चालतच लवकर पोहोचले असते. तशी उतरून चालतच गेले.

काकू खुर्चीत पुढं वाकून बसल्या होत्या. श्वास चालू होता, हे मी आधी पाहिलं. तोंडातून लाळ गळत होती, गिळता येत नव्हती. डोळ्यांत भीती होती, आणि मला पाहिल्यावर त्या भीतीत थोडी लाज मिसळली. समोर देवघर, देवापुढं ती वाटी. पोटली व्यवस्थित परत बांधून वाटीत ठेवलेली. टेबलावर पाण्याचा ग्लास, रेखानं माझं ऐकून तसाच ठेवलेला.

मी फोन करताच शुभांगी ऑफिसला न जाता गाडी घेऊन आली. आम्ही काकूंना रुग्णालयात नेलं. पूर्ण रस्ता मी त्यांचा हात धरून होते आणि मनात एकच, की हे नको, या वस्तूनं नको. ज्या वस्तूवर मी आयुष्य काढलं तिच्यामुळे कुणी जावं, तेही वाण म्हणून आलेल्या. शुभांगी गाडी चालवत होती आणि आरशातून सारखी मागं बघत होती. जाममध्ये अडकलो तेव्हा ती स्टीअरिंगवर हात आपटत होती. ज्या जामला ती पूर्वी स्वतःसाठी घाबरायची, त्यात त्या दिवशी तिला स्वतःचं पोट आठवलंही नाही.

डॉक्टरांनी दुर्बिणीतून तो गोळा बाहेर काढला. बऱ्याच वेळानं त्यांनी बाहेर येऊन सांगितलं, निघालं सगळं, जखम झालेली नाही, आज इथंच राहू दे. मी बाकावर बसले. शुभांगी माझ्यासमोर उभी होती, आणि मग तिनं बोलायला सुरुवात केली. मी बिल्कुल सगळं सांगितलं होतं ताई, प्रत्येकीला सांगितलं होतं, तुम्ही शिकवलं तसंच. तुम्हा दोघींना वगळल्यासारखं वाटू नये म्हणून तर मी आवर्जून पाठवलं.

"पाठवलंस," मी म्हटलं. "बोलावलं का नाहीस? काकू त्या हॉलमध्ये असत्या तर त्यांनीही ऐकलं असतं. आणि मी असते तर पोटली त्यांच्या हातात जाऊच दिली नसती."

शुभांगी हळूच म्हणाली, सासूबाई पुण्याहून आल्या आहेत, त्या काय म्हणतील असं वाटलं. मला तिचा भयंकर राग आला. पण त्या रागात निम्मा वाटा जुना होता, दुसऱ्याच घरांचा, आणि तो सगळा त्या एकट्या पोरीवर काढणं बरं नव्हतं. मी तिला शेजारी बसायला सांगितलं.

संध्याकाळी काकूंना बोलता यायला लागलं. घसा खरवडलेला, आवाज बारीक. मी विचारलं, काकू, इसबगोल आहे हे कळलं नाही का तुम्हाला?

"न कळायला काय झालं? तू घ्यायचं नाही म्हणून सांगितलंयस, तेही लक्षात होतं. म्हणून तर चिमूटभरच घेतलं. प्रसादासारखं हातावर घेतलं आणि जिभेवर ठेवलं."

कोरडं. प्रसादावर कुणी पाणी पीत नाही. इतक्या वर्षांत मी लोकांना काय काय करू नका म्हणून सांगितलं, दुधातून, दह्यातून, चहातून. प्रसादासारखं घेऊ नका, हे सांगायचं मला कधी सुचलं नव्हतं.

मी म्हटलं, पण घ्यायचंच कशाला? काकूंनी तोंड भिंतीकडे केलं.

"वाण होतं गं, विद्या. हे गेल्यापासून पहिलंच आलं. वाण आल्यावर नाही कसं म्हणायचं?"

माझी पोटली मी सकाळी औषधांच्या खणात ढकलून दिली होती, कंपनीचं सॅम्पल ढकलावं तशी. घरी गेल्यावर मी ती काढली आणि देवापुढं ठेवली. का ठेवली ते विचारू नका. मी देवधर्माची फारशी नाही.

यंदाच्या संक्रांतीला शुभांगीचा फोन आला. ताई, या वर्षी तुम्ही आणि काकू दोघींनी यायचं, मी गाडी पाठवते. मला बरं वाटलं. मग ती थोडी अडखळली. "जरा आधी या हं. चारला. बाकीच्या पाचला येतील. पाचला गाडी तुम्हाला परत सोडेल, म्हणजे काकूंना थंडीचा त्रास नको."

काकूंना थंडीचा त्रास नको. मी फोन ठेवला आणि नाही म्हणून कळवायचं ठरवलं. चिडायचीही ताकद उरलेली नव्हती. असं पाऊण बोलावणं घेऊन जाण्यापेक्षा घरी रजईत बसलेलं बरं. काकूंना सांगायला गेले तर त्या कपाट उघडून बसलेल्या. पलंगावर तीन साड्या काढून ठेवलेल्या. मी चारची भानगड सांगितली. त्यांनी ऐकून घेतली.

"चारला तर चारला," त्या म्हणाल्या. "ही मोरपंखी बरी दिसेल का गं?"

गेलो. शुभांगीनं आमचं मनापासून केलं. तिळगूळ दिला, काकूंसाठी वेगळी मऊ लापशी केलेली. सासूबाईही येऊन बसल्या, पुण्याच्या थंडीची आणि दिल्लीच्या थंडीची तुलना झाली. यंदाचं वाण म्हणजे प्लास्टिकचे डबे, ते आमच्या हातात दिले. हळदीकुंकवाचं तबक आतल्या टेबलावर रुमालाखाली झाकलेलं होतं. त्याकडे कुणी पाहत नव्हतं, म्हणजे सगळ्याच पाहत होतो. पाच वाजत आले तशी शुभांगी घड्याळाकडे आणि आमच्याकडे आळीपाळीनं बघायला लागली. मी पर्स उचलली. अशा घरातून कधी उठायचं हे मला आता चांगलं कळतं.

काकू उठल्या नाहीत.

"शुभांगी, मला जरा पाणी दे," त्या म्हणाल्या. "ग्लासभर दे."

तिनं भरून आणलं. काकूंनी एक घोट घेतला, ग्लास गुडघ्यावर ठेवला आणि खिडकीबाहेर पाहू लागल्या. दारावरची बेल वाजली, पहिल्या दोघी आल्या. आणखी चौघी आल्या. सगळ्या नटलेल्या, सगळ्या आम्हाला पाहून क्षणभर थबकलेल्या. काकूंनी दुसरा घोट घेतला. सासूबाई शुभांगीच्या कानाशी काहीतरी बोलल्या. शुभांगी आमच्यापाशी आली. तिचा चेहरा लाल झाला होता.

"काकू, गाडी खाली उभी आहे."

"उभी राहू दे की. पाणी तर संपू दे. मला घोट घोट प्यावं लागतं, तुला माहितेय. विद्याला विचार."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पर्स परत खाली ठेवली.

"बरोबर आहे," मी म्हटलं. "त्यांना सावकाशच प्यायला हवं. घाई अजिबात चालणार नाही."

नोकरीत हे वाक्य मी किती कंटाळून बोलले असेन. त्या दिवशी मात्र त्याचा एकेक शब्द मला गोड लागला. शुभांगी माझ्याकडे पाहत राहिली. मग ती आत गेली, तबकावरचा रुमाल काढला आणि तबक घेऊन बाहेर आली. सासूबाई काहीतरी म्हणाल्या, तिनं ऐकलं नाही. दाराजवळच्या बाईपासून तिनं सुरुवात केली, आणि रांगेनं एकेकीला लावत आमच्या दिशेनं यायला लागली. पुढं काय करायचं हे तिचं ठरलेलं दिसत नव्हतं.

काकूंनी तिसरा घोट घेतला. ग्लास अजून अर्धासुद्धा झाला नव्हता.